नवसाचा मातेर्नो

तिसरी ओळ वर आली तेव्हा कॅनन मातेर्नोने, कथेड्रलच्या पुरोहितमंडळातल्या एकाने, बेत्तो गवंड्याच्या हातातलं ओलं फडकं काढून घेतलं. काढून घेतलं कसलं, हिसकावलंच. बेत्तोने नुसतं वर पाहिलं आणि हात पुसले. कथेड्रलच्या पुरोहितांच्या लहरी त्याला नव्या नव्हत्या. सकाळपासून दोघं उत्तरेच्या भिंतीशी उकिडवे बसून बाळंतिणींच्या संतिणीची, सांता मातेर्नाची, दगडी शवपेटी धूत होते, राखेच्या गरम पाण्याने. पेटीवर एक बाई कोरलेली, पलंगावर कुशीला रेललेली, एक हात गोल पोटावर. त्या पोटाला शहरातल्या बायकांनी किती पिढ्या दिव्यातलं तेल लावलं होतं ते देव जाणे. तेलावर काजळी, काजळीवर धूळ, धुळीवर पुन्हा तेल. खालचा चौकोन तर कुण्या जुन्या बिशपने चुन्याने लिंपूनच टाकलेला. आता चुना उतरला होता आणि खाली अक्षरं होती, काल कोरल्यासारखी स्वच्छ. पहिल्या ओळीत मेलेल्यांच्या देवांना नमस्कार होता. जुने रोमन लोक तो प्रत्येक थडग्यावर घालायचे. ख्रिस्ताला मानणारा माणूस मेला तरी घालणार नाही. दुसऱ्या ओळीत नाव होतं, आणि ते मातेर्ना नव्हतं. उरलेल्या ओळी त्याने स्वतःच पुसून काढल्या, घाई न करता, कोपरे साफ करत. वाचून झाल्यावर तो तसाच बसून राहिला. गुडघे दुखत होते आणि तो त्यांना दुखू देत होता.

दगड म्हणत होता की ही वोल्कासिया सेवेरा. हे तिच्या नवऱ्याने केलं आहे. ती बाळंत होताना गेली. फार सोसलं तिने. मूल बाहेर आलं नाही, ते तिच्यापाशीच आहे. वाटेने जाणाऱ्या माणसा, तुझी लेकरं असतील तर घरी जा.

बेत्तोने विचारलं, काय लिहिलंय. मातेर्नो म्हणाला, अजून नीट लागत नाही. तीसेक वर्षांत लॅटिन लागत नाही असं तो पहिल्यांदाच म्हणत असावा, आणि ते इतक्या सहज तोंडातून निघालं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. मागे बेकरीवाल्याची सून तान्चिया मघापासून ताटकळत उभी होती. सातवा महिना, चेहरा फिकट, पहिलटकरीण, सासूने पाठवलेली. पेटी धुताहेत म्हणून ती दोनदा परत गेली होती. आता दगड ओला आहे, हात लावू नकोस, असं मातेर्नो तिला म्हणणार होता, पण ती वाकली, दिव्यात बोट बुडवून तिने ते दगडातल्या पोटावर टेकवलं, मग स्वतःच्या पोटावर, आणि ओठ हलवत राहिली. ज्या बाईचं स्वतःचं मूल सुटलं नाही तिच्याकडे ही सुटका मागत होती. मातेर्नोला काहीतरी बोलायला हवं होतं. तो म्हणाला, "सांभाळून ऊठ, खाली पाणी सांडलंय."

त्याने फडकं दगडावर पसरलं, वर सणाची निळी चादर ओढली, बेत्तोला उद्या ये म्हणून सांगितलं आणि तो बाहेर पडला. बाहेर लख्ख ऊन होतं. चौकात खरबुजं विकायला आली होती आणि कुणीतरी "मातेर्नो" अशी हाक मारली. नेहमीप्रमाणे पाच-सहा माना वळल्या. या शहरात दगडाला हात लावून झालेला प्रत्येक मुलगा मातेर्नो आणि प्रत्येक मुलगी मातेर्ना. लंगडा मातेर्नो, मधवाला मातेर्नो, तुरुंगातला मातेर्नो. ओळखायचं तर असं काहीतरी चिकटवावंच लागतं. त्याला लहानपणी नीळवाल्याचा मातेर्नो म्हणायचे, कारण बाप रंगारी होता आणि त्याचे हात कोपरापर्यंत निळे असायचे. रविवारीसुद्धा. मेला तेव्हाही निळेच होते. पण बाकीचे मातेर्नो आणि हा मातेर्नो यांत एक फरक होता. बाकीच्यांच्या आयांनी मेणबत्ती बोलली होती, फार तर चांदीचं पाऊल. याच्या आईने मुलगाच बोलला होता. त्याच्याआधी तिची लेकरं एकामागून एक गेली होती. काही श्वास न घेता, एक मूल दात आल्यावर. मग ती दगडाच्या पोटावर कपाळ टेकून म्हणाली होती की हा जगला तर तुझा. ही गोष्ट त्याने इतक्यांदा ऐकली होती की ती आपल्याला आठवते असंच त्याला वाटे. कपाळाला लागलेला तो गार तेलकट दगड, काजळीचा वास. आई त्याला जेवू घालतानासुद्धा म्हणायची, माझा नाहीस तू, तिचा आहेस, मी आपली सांभाळते. बापाला ते आवडत नसे. तो निळ्या हातांनी भाकरी मोडत राहायचा.

दात पडायच्या वयातच त्याचे केस कापून त्याला कथेड्रलच्या शाळेत घातलं. हुशार निघाला. नवसाचं पोर हुशार निघणारच, असं सगळे म्हणाले, जणू त्यात त्याचं स्वतःचं काही नव्हतंच. तेव्हाच्या बिशपनी त्याला दूरच्या मोठ्या शहरात, फिरेंझेला धाडलं, नवी विद्या शिकायला, म्हणजे जुने रोमन ग्रंथ नव्या नजरेने वाचायला. तिथे एका घरात, वरच्या मजल्यावर, खिडक्या उघड्या टाकून एक चिडका म्हातारा शिकवायचा. म्हणायचा, तुम्ही पाद्री लोक पुस्तकात शिरता ते हातात मशाल घेऊन भूत शोधायला. प्रत्येक शब्दामागे तुम्हाला देवाची खूण हवी. अरे, आधी विचारा, हे कोण बोलतंय. कुणाशी. त्या दिवशी त्याच्या घरात काय झालं होतं. बस, एवढं विचारा. त्या उन्हाळ्यात मातेर्नोला पहिल्यांदा कळलं की मेलेली माणसं बोलतात, आणि ती आपल्याशी बोलत नसतात, एकमेकांशी बोलत असतात, आपण नुसते दाराआडून ऐकतो. एखादा रोमन माणूस मित्राला घराबद्दल, अंजिरांबद्दल, मेलेल्या मुलीबद्दल लिहितोय, आणि मातेर्नो, नीळवाल्याचा, ते वाचून नाक पुसतोय. त्या म्हाताऱ्याने हसत हसत किती संत झोपवले. हा संत कधी झालाच नाही, तो संत म्हणजे पुलावरच्या लेखाचं चुकीचं वाचन, त्या संतिणीची कवटी दोन गावांत आहे. मातेर्नोही सगळ्यांबरोबर हसायचा. मातेर्नाचं नाव मात्र त्याने त्या घरात कधी काढलं नाही. का काढलं नाही, असं आज उतारावरून चालताना त्याने स्वतःला विचारलं, आणि उत्तर त्याला ठाऊकच होतं. त्याला विचारायचं नव्हतं.

त्याच गल्लीत खाली पुस्तकं शिवणाऱ्याची विधवा राहायची, लेना. मातेर्नो तिच्याकडे पुस्तकं बांधायला न्यायचा. ती बोलताना नासपती चिरायची. साल एका लांब पट्टीने काढायची आणि चिरलेली फोड सुरीच्या टोकावर समोर धरायची, घे, म्हणून. एवढंच. याहून जास्त काही झालं नाही, पण होऊ शकलं असतं. अजून व्रत घेतलेलं नव्हतं, डोक्यावरचे केस वाढले असते, फिरेंझेत लॅटिन येणाऱ्या माणसाला कुणीही कामाला ठेवलं असतं. एके दुपारी ती म्हणाली की तुम्ही जाणार की राहणार. तेव्हा तो म्हणाला होता, मी नवसाचा आहे. तिने नासपतीची फोड स्वतःच खाल्ली. मग तो परत आला, पुरोहित झाला, कॅनन झाला, आणि दरवर्षी सणाला उभं राहून सांता मातेर्नाची कथा सांगू लागला. रोमन सुभेदाराची मुलगी, ख्रिस्ताची झाली म्हणून गरोदरपणी बुरुजात कोंडलेली, वेदनांशिवाय बाळंत झालेली, मग मारलेली. कथेत एक वादळ होतं. बायकांना वादळ फार आवडायचं. ते त्याने स्वतः घातलं होतं.

आता उतरणीला आईची गल्ली लागली आणि तो तिथून न वळता सरळ गेला. आई दारात बसलेली असणार. तिने पाहिलं असतं तर ताटावर बसवलं असतं, आणि तिच्या समोर बसून तो चेहरा कसा सांभाळणार होता. तटाच्या भिंतीशी एक दगडी बाक होता, तिथे तो बसला. खाली ऑलिव्हची झाडं, पलीकडे नदी. आपल्याला काय वाटतंय ते त्याने शांतपणे तपासून पाहिलं, दुखऱ्या दाताला जीभ लावून पाहावं तसं. राग होता का? कुणावर? आईवर राग धरणं म्हणजे पावसावर रागावणं. त्या रोमन नवऱ्यावर? त्याने तर स्पष्ट लिहून ठेवलं होतं. लोकांनीच त्यावर चुना फासला. खरं म्हणजे त्याला हलकं वाटत होतं, आणि त्या हलकेपणाची भीती वाटत होती. देणं ज्याच्या नावचं होतं तो सावकारच नव्हता. एक बाई एका दगडापाशी बोलली होती, दगडात दुसरीच बाई होती, ती स्वतःच्या दुःखात गुंतलेली, तिला काही ऐकूच आलं नव्हतं. मग तो कुणाचा होता? कुणासाठी एवढ्या पहाटे उठला, उपाशीपोटी वेदीवर उभा राहिला, कुणासाठी लेनाच्या घरातून निघून आला? मिस्सा, वेदीवरची रोजची उपासना, म्हणताना त्याचं मन कधी जागेवर नसायचं, हे त्याने आजवर पापांच्या कबुलीतसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं. भाड्याचं घर झाडावं तसा तो मिस्सा म्हणायचा. स्वच्छ, न चुकता, आणि मालक दुसराच. आता मालकच नाही म्हटल्यावर झाडू ठेवून निघून जाता येतं. जायचं कुठे हा प्रश्न वेगळा. लेना जिवंत असली तर म्हातारी झाली असेल.

सणासाठी पेटी धुवायला लावणाऱ्या बिशपनी, दगडावर काय निघतं ते संध्याकाळपर्यंत सांगा म्हटलं होतं. प्रश्न असा होता की सांगायचं का. नाही सांगितलं तर चुना पुन्हा लागेल, आई सुखाने डोळे मिटेल आणि तो आहे तसाच राहील, फक्त आता माहीत असून. सांगितलं तर पेटी हलणार आणि आईच्या आयुष्याचा पाया तिच्या डोळ्यांदेखत उचलून नेला जाणार. तिने एकुलता एक मुलगा दिला होता. त्या देण्याच्या जोरावर ती रंगाऱ्याची विधवा असूनही ताठ चालत होती. खोटं बोलायला त्याला जमलं असतं. बेत्तोशी सकाळी जमलं होतंच. पण बाकावर बसल्या बसल्या त्याला त्या नवऱ्याचाच आवाज ऐकू येत राहिला. ओबडधोबड लॅटिन, खेडवळ, फिरेंझेचा म्हातारा असता तर दोन ठिकाणी कुत्सित हसला असता. फार सोसलं तिने. एवढंच म्हणता आलं त्या माणसाला, आणि तेवढं दगडात कोरायला त्याने पैसे दिले, कुणीतरी वाचावं म्हणून. आता वाचणारा भेटला, आणि तोच फडकं टाकून आला. हे मातेर्नोला लाजिरवाणं वाटलं. ज्या माणसाचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता त्याच्यापुढे लाजिरवाणं वाटलं.

बिशप आपल्या अंगणात संत्र्याच्या झाडाखाली बसून पाय गरम पाण्यात सोडून होते. त्यांना संधिवात होता. रोममध्ये अर्धं आयुष्य काढलेला माणूस, गोड बोलणारा, जुन्या नाण्यांनी खिसे खुळखुळवणारा. मातेर्नोने सगळं सांगितलं. ओळी पाठच होत्या, त्या त्याने लॅटिनमध्ये म्हटल्या. बिशपनी डोळे मिटून ऐकल्या, पुन्हा म्हणायला लावल्या, आणि शेवटच्या ओळीला त्यांचा पाय पाण्यात हलायचा थांबला. मग म्हणाले, किती साधं, किती सुंदर; आणि आपण तिला बुरुजात कोंडलेली सुभेदाराची लेक करून ठेवलं. सण झाला की पेटी या अंगणात आणू, तिथे त्या भिंतीशी, सकाळचं ऊन येतं. कथेड्रलमध्ये तिच्या जागी मरियेचं चांगलं चित्र लावू, फिरेंझेचा कुणीतरी बोलावू. देवाच्या घरात चुकीच्या नावाने दिवा नको. ते बोलत होते ते खरं होतं, आणि मातेर्नोला त्यांचा हेवा वाटला; त्यांना या दगडापायी काही गमवायचं नव्हतं.

"बायकांना सणाच्या प्रवचनात तुम्हीच सांगा," बिशप म्हणाले. "तुमचं ऐकतील. मी सांगितलं तर म्हणतील रोमचा आलाय, आमची संतीण चोरायला."

मातेर्नो म्हणाला, "मोन्सिन्योर, एक विचारायचं होतं. जी संत नाहीच तिला केलेला नवस बांधतो का?"

बिशपनी त्याच्याकडे पाहिलं. या शहरात येऊन त्यांना वर्षच झालं होतं, पण नवसाचा कॅनन कोण हे कुणीही पहिल्याच आठवड्यात सांगायचं. मग म्हणाले की कायद्याची माणसं म्हणतात, नवस देवाशीच असतो, संत नुसता साक्षीला. शिवाय तुमची स्वतःची व्रतं तुम्ही स्वतः घेतलीत. "पण मी कायद्याचा माणूस नाही. तुम्हाला सुटायचं असेल तर मी रोमला लिहीन. तिथे माझं ऐकणारे आहेत. लाजू नका, मातेर्नो. तुमच्यासारख्या वाचणाऱ्या माणसाला कुठेही घर मिळेल."

असं म्हणून त्यांनी पाण्यातून पाय काढले आणि पंच्याने बोटं एकेक पुसू लागले. मातेर्नो आभार मानून उठला. म्हणजे दार खरंच उघडं होतं. इतकी वर्षं बंद आहे असं समजून ज्याच्यावर तो खांदा टेकून उभा होता ते दार, आणि उघडायला एका म्हाताऱ्या माणसाचा शब्द पुरणार होता. त्याला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही असंही नाही. रस्त्याने जाताना त्याने दोनदा हात झग्याच्या आत घालून स्वतःच्या बरगड्या चाचपल्या, आपण आहोत की नाही ते बघितल्यासारखं. पण आधी आईला सांगायचं होतं. प्रवचनात सगळ्यांबरोबर तिने ऐकावं हे त्याला सहन होणार नव्हतं.

त्याची आई, मोन्ना चेक्का, दारातच बसली होती, मांडीवर टोपली, पावट्याच्या शेंगा सोलत. डोळ्यांनी अधू झाली होती, पण बोटं चालायची. त्याला पाहून म्हणाली की दुपारी इथून गेलास आणि आत आला नाहीस, मला शेजारच्या मातेर्नाने सांगितलं. आता शिळं खा. तो तिच्याशेजारी पायरीवर बसला, शेंगा घेतल्या आणि सोलू लागला. तिने विचारलं, दगड धुतला? कशी दिसते आता ती? तो म्हणाला, सुरेख दिसते. नाक थोडं तुटलंय. मग त्याने सांगितलं. कसं सांगायचं ते त्याने वाटेत ठरवलं होतं, सुरुवात रोमन लोकांपासून, मग नवी विद्या, मग चुना. पण तोंड उघडल्यावर ते सगळं राहिलं आणि तो फक्त दगडावरचं बोलला, आपल्या बोलीत, एकेक ओळ. ही वोल्कासिया. नवऱ्याने केलं. बाळंत होताना गेली. फार सोसलं तिने. मूल बाहेर आलं नाही, तिच्यापाशीच आहे. मग म्हणाला, ती आपली नव्हे, आई. ख्रिस्ताचीसुद्धा नव्हे. मातेर्ना कुणी झालीच नाही.

आईची बोटं थांबली. गल्लीत कुणीतरी कोंबड्या हाकत होतं. तो तिच्याकडे बघायला धजला नाही. तिच्या पायाशी पडलेल्या सालींकडे बघत राहिला. आता ती रडेल, किंवा त्याला मारेल, लहानपणी मारायची तशी मनगटावर, आणि काहीही केलं तरी त्याची हरकत नव्हती. त्याला फक्त वाटत होतं की तिने लवकर काहीतरी करावं.

"पोटातच राहिलं?" तिने विचारलं.

"हो."

"आणि आम्ही सगळ्या तिच्याकडेच जाऊन मागत बसलो." तिने पदराने तोंड पुसलं. "मेलीला काय वाटलं असेल. मी तर तिच्या कानाशी बसून काय काय बोलले. माझी आधीची चार सांगितली तिला, कोण कसं गेलं ते. तुझ्या बापाला नाही सांगितलं, तिला सांगितलं."

मातेर्नो म्हणाला की तिला ऐकू आलं नसेल, आई. ती मेलेली बाई.

"तुला कोण विचारतंय," ती म्हणाली, पण रागाने नाही. मग बराच वेळ शेंगा सोलून झाल्यावर तिने विचारलं की तिच्यासाठी मिस्सा कुणी म्हटली असेल का रे कधी. तो म्हणाला, नाही, कोण म्हणणार. तिचा बाप्तिस्मा नाही. अशांसाठी म्हणत नाहीत, चालत नाही. तेव्हा आईने त्याला त्या जुन्या पोपची आठवण करून दिली, जो मेलेल्या रोमन राजासाठी इतका रडला की देवाने राजाला वर घेतलं. ती कथा तर सान फ्रान्चेस्कोच्या चर्चच्या भिंतीवर रंगवलेली आहे, तिने डोळे धड होते तेव्हा पाहिली होती. मातेर्नो म्हणाला, ते एकदाच झालं, आणि तेही लोक सांगतात. आणि तो राजा होता.

"म्हणजे राजाला चालतं, बाईला चालत नाही."

यावर त्याच्याकडे उत्तर होतं, पुस्तकातलं, पण ते त्याने दिलं नाही. म्हणाला, आई, मला वाटलं तू कोसळशील. तू मला तिच्या नावाने दिलंस. आता ती तिथे नाहीच म्हटल्यावर, तो नवस कुठे राहिला. बिशप रोमला लिहीन म्हणाले, हेही त्याने सांगितलं. मी सुटू शकतो.

आईने टोपली खाली ठेवली. तिच्या जवळजवळ आंधळ्या डोळ्यांनी ती त्याच्या चेहऱ्याच्या जरा बाजूला बघत होती.

"सूट की मग," ती म्हणाली. "मी काय दोरी बांधलीय? तुझा बाप मरेपर्यंत म्हणत होता, चेक्का, पोराला विचारलं नाहीस. नाही विचारलं. मला पोर हवं होतं, मी काहीही बोलले असते. ते माझं चुकलं असेल तर देव माझ्याकडून घेईल, तू जा." ती थांबली. "पण दिलं ते मी तिलाच दिलं. ती कोण ते मला माहीत नव्हतं, म्हणून काय झालं? त्या दगडात जी कुणी होती तिला दिलं. तिला कुणी नाही. नवरा कधीचा मेला, पोर पोटात. एवढ्या वर्षांत सगळे तिच्याकडे मागायलाच गेले. तिचा म्हणून तू एकटाच आहेस. तू मिस्सा नाही म्हणणार तिच्यासाठी, तर कोण म्हणणार?"

एवढं बोलून ती उठली आणि पावटे घेऊन आत गेली. आतून म्हणाली की बायकांना प्रवचनात सांगू नकोस, तू उगाच लांबण लावशील. मीच तळ्यावर धुणं धुताना सांगते. त्या बेकरीवाल्याच्या सुनेला आत्ताच सांगून येते, घाबरायच्या आधी तिला दुसऱ्या कुणा संतिणीच्या पायाशी घालायला हवी. मातेर्नो पायरीवर बसून राहिला. त्याला हसू येत होतं. आपण कोणाला काय देणं लागतो याचा हिशोब त्याने आयुष्यभर केला होता, पण कुणी त्याच्याकडे असं उभं राहून काही मागितलं नव्हतं. नवसात त्याला कुणी विचारलं नव्हतं, ते परस्पर ठरलं होतं. हे मागणं होतं. नाही म्हणता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या मिस्सेला तोच होता. रोजच्या पाच-सात म्हाताऱ्या, खांबाशी बेत्तो, आणि सगळ्यांत मागे तान्चिया, सासूचा हात धरून. उत्तरेच्या भिंतीशी निळी चादर काढून टाकलेली होती. दगडावर तेल नव्हतं. खाली जमिनीवर कुणीतरी एक मेणबत्ती लावून ठेवली होती, मेलेल्या माणसाला लावतात तशी, पायाशी. आई पुढे बसली होती आणि तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्याने कपडे चढवले, वर गेला आणि सुरुवात केली, नेहमीसारखी. शब्द गुळगुळीत, मन थोडं बाजूला उभं. भाकर उचलली, प्याला उचलला, घंटा वाजली. मग ती जागा आली जिथे पुरोहित हात जोडतो, भाकरीवर नजर ठेवतो आणि मेलेल्यांपैकी ज्याची आठवण काढायची त्याची मनातल्या मनात काढतो. तिथे कुणाला काही ऐकू येत नाही. मोठमोठे पाद्रीसुद्धा तिथे श्वासभर थांबतात आणि पुढे सरकतात; तोही बापाचं नाव घेऊन सरकायचा.

आज त्याने बापाचं नाव घेतलं आणि थांबला. हे चालत नाही, हे त्याला माहीत होतं. बिशपना कळलं तर ते हसतील किंवा रागावतील, कायद्याची माणसं आणखी काही म्हणतील. ती कुठे आहे, तिच्यापर्यंत काही पोचतं की नाही, याबद्दल त्याला काहीच खात्री नव्हती. खरं सांगायचं तर कालपेक्षा आज कमीच होती. पण त्याला ती दिसत होती, पलंगावर रेललेली, नाक तुटलेली, आणि दाराशी तो माणूस, ओबडधोबड लॅटिनचा, काय लिहू म्हणून दगड घडवणाऱ्यापुढे उभा. त्या दिवशी त्याच्या घरात काय झालं होतं ते मातेर्नोला ठाऊक होतं. वोल्कासिया, तो मनात म्हणाला. वोल्कासिया सेवेरा. मग लेकराचं म्हणायला गेला तर नाव नव्हतं. मुलगा होता की मुलगी तेही दगडाने सांगितलं नव्हतं. आणि तिच्यापाशी आहे ते, असं म्हणाला. मागे कुणीतरी खोकलं. खांबाजवळ बेत्तोने पाय बदलला. आई हलली नाही. किती वेळ गेला कोण जाणे, बाहेर चौकात गाड्या यायला लागल्या होत्या, पण त्याला घाई नव्हती. त्याच्या लक्षात आलं की त्याचं मन इथेच आहे, हातांच्या मध्ये, दुसरीकडे कुठेही नाही, आणि आजची ही मिस्सा कुणी त्याच्याकडून म्हणवून घेत नाहीये. मग पुढचे शब्द आले, त्या सगळ्या शांततेत पुरोहिताला जे एकदाच आवाज चढवून म्हणावे लागतात, की आम्हीसुद्धा पापीच आहोत, आम्हालाही घे. त्याने छातीवर मूठ आपटली आणि ते म्हटले, इतक्या मोठ्याने की पुढच्या ओळीतल्या म्हाताऱ्यांनी दचकून वर पाहिलं.